किडनीला शपथ कळत नाही

आमच्या घरी आजारी पडायची सोय नव्हती. कापूस फुटला की तो कोणासाठी थांबत नाही, आणि वेचायला हात म्हणजे बाबांचे, आईचे आणि सुटीच्या दिवशी माझे. ताप आला तर डोक्याला फडकं गुंडाळून वावरात जायचं. आईला कावीळ झाली तेव्हा ती खळ्यात बसून ज्वारीची कणसं खुडत होती. बाबांची कंबर दुखायची. त्यावर दुकानातून पांढऱ्या गोळ्यांची पट्टी यायची. दुसरं कोणी तंबाखू खातं तशी बाबा सकाळच्या चहासोबत गोळी खायचे आणि डवऱ्याला, म्हणजे पिकातल्या कोळपणीला, लागायचे. त्या गोळीच्या जोरावर मी बी.एस्सी. झाले असं म्हटलं तरी चालेल. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. आज मी तामसी मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका शाळेत शिकवते.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. राग बाजूला ठेवून लिही, असं मैत्रीण म्हणाली. करून पाहिलं. जमलं नाही.

सुरुवात पायांपासून झाली. संध्याकाळी बाबांच्या पायावर बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मग सकाळी डोळ्यांखाली सूज. मग जेवणावरची वासना गेली. भाकरीला लोखंडाची चव लागते म्हणायचे. अंगाला खाज. आईनं कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ घातली. तुमच्या घरी यातलं काही दिसलं तर अंघोळ घालत बसू नका. लघवी आणि रक्त तपासा. एवढ्यावरच पुष्कळ काही कळतं.

आम्ही आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात गेलो तोवर बाबांना दोन पावलं चाललं तरी धाप लागत होती. सोनोग्राफी झाली, रक्त गेलं. बाकावर बसून नाव पुकारण्याची वाट पाहत राहिलो. डॉक्टरबाई तेलुगू मुलखातल्या. आमच्याशी हिंदीत बोलल्या.

"क्रिएटिनिन बहुत बढ गया. दोनों किडनी सूख गये. डायलिसिस करना पडता."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातल्या कचऱ्याचं माप. किडनीनं तो लघवीवाटे बाहेर टाकायचा असतो. किडनी थकली की तो रक्तातच साचतो. डायलिसिस म्हणजे ते रक्त यंत्रातून फिरवून, धुऊन परत अंगात सोडायचं. एकदा किडनी कायमची गेली की हे जन्मभराचं काम होतं. बाईंनी हे सगळं शांतपणे समजावलं. गोळ्यांचंही विचारलं. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की किडनी आतून वाळते, आणि वरून बाबांना रक्तदाब होता जो कोणी कधी मोजलाच नव्हता.

"कार्ड पे पूरा फ्री है, अम्मा. कार्ड निकाले ना?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं. "नहीं निकाले."

"तो निकालो. इधरीच होता."

"हमारा गाव नहीं लेता," बाबा म्हणाले.

बाईंना वाटलं म्हाताऱ्याला हिंदी नीट बोलता येत नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बाबांना हिंदी चांगली येते. त्यांनी जे सांगितलं ते खरं होतं.

आता हे काय प्रकरण, ते सांगावं लागेल.

आमचं गाव भीमपूर मंडळात, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे महाराष्ट्र. त्या हंगामात मार्केट यार्डात कापूस ओला म्हणून गाड्या परत येत होत्या. त्याच दिवसांत सरकारनं फुकट उपचाराचं कार्ड वाढवायचं ठरवलं. जास्त आजार, जास्त दवाखाने, जास्त खर्च. पंचायतीचा सेक्रेटरी घरोघर नावं लिहायला आला. गावातल्या माणसांचं डोकं फिरलं. भाव द्यायला सरकारकडे पैसा नाही, फुकट वाटायला आहे. इथवर मलाही पटत होतं. राग खोटा नव्हता.

पण तो राग माणिकरावांच्या हातात गेला. माणिकराव म्हणजे बियाणं-खताचे दुकानदार, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. बोलायला धारदार. "सरकार फुकट देऊन देऊन माणसाले आयतोबा बनवून राह्यलं. आज दवाखाना फुकट, उद्या भाकर फुकट. मंग वावरात कोण जाईन?" असं ते पारावर बोलायचे आणि माना डोलायच्या. फुकट नको, भाव द्या, असा फलक गावाच्या तोंडाशी लागला. मंडळ ऑफिससमोर धरणं झालं. आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले. त्यात पक्ष नव्हता, पुढारी नव्हता. आपापल्या खिशातून डिझेल टाकून ट्रॅक्टर नेलेले शेतकरी होते. बाबा पहिल्या ट्रॅक्टरवर.

धरणं देऊन थांबले असते तर मी आज हे लिहीत नसते. त्यांनी मारुतीच्या पारावर बेल-भंडार उचलला. बेलाचं पान आणि हळद तळहातावर घेऊन प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानं शब्द दिला, की भाव मिळेपर्यंत या गावातलं कोणतंही घर सरकारचा फुकट उपचार घेणार नाही. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलणारा माणूसही बेल उचलून खोटं बोलत नाही. आणि ज्यांच्यासमोर उचलला, त्या सगळ्यांनी 'सुटली' म्हटल्याशिवाय ती शपथ सुटत नाही. पहिला हात बाबांनी पुढे केला होता.

पारावर बाया बसत नाहीत. म्हणजे अर्ध्या गावाला विचारलंच नाही. गरोदर बायांना विचारलं नाही, म्हाताऱ्यांना विचारलं नाही. कोण आजारी पडेल हे माहीत नसताना त्यांनी सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणून टाकलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी बाबांना समजावलं, मग भांडले.

"बाबा, तुमचं रक्त नासून राह्यलं. शपथीनं थे साफ होत नाही."

"शबुद देला पोरी मी."

"मरायचा शबुद देला काय?"

"गावाचा हाय थो. माह्या एकट्याचा असता तर मोडला असता." मग भिंतीकडे तोंड केलं.

माणिकराव आले. खाटेवर बाबांच्या पायाशी बसून रडले, हेही सांगायला हवं. म्हणाले, "नामदेवा, गाव तुले सोडणार नाही." आणि गावानं खरंच वर्गणी केली. कोणी कापसाचं राखून ठेवलेलं दिलं, कोणी बकरी विकून दिलं. त्या पैशांवर आम्ही बाबांना नागपूरच्या खासगी दवाखान्यात नेऊ लागलो. भाड्याची जीप, वाटेत चहाला थांबणारा ड्रायव्हर, मागच्या सीटवर आडवे पडलेले बाबा. यंत्राची सोय आदिलाबादलाच, आमच्या बसच्या वाटेवर. आम्ही तिच्यासमोरून जाऊन दुसऱ्या राज्यात रक्त धुवायला जात होतो. मी जीपमधून त्या इमारतीकडे बघायची आणि दात आवळायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं, की हातात फिस्टुला करून घ्या. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडायची लहान शस्त्रक्रिया. त्यानं शीर जाड होते आणि यंत्राची जाड सुई घालता येते. तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून आधीच करायची असते. तुम्हाला कोणी फिस्टुला करा म्हटलं तर लगेच करा. आम्ही केला नाही. वर्गणीत तो बसत नव्हता. मानेतून एक नळी घातली, तिला कॅथेटर म्हणतात, आणि तिच्यावरच ओढत राहिलो. त्या नळीतून जंतू गेले. थंडी वाजून ताप आला, गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते.

मग वर्गणी आटली. आटणारच. सोयाबीनची कापणी तोंडावर होती, प्रत्येकाला आपलं घर होतं. कोणी नाही म्हटलं नाही, फक्त कोणी आलं नाही. दोन खेपांमधलं अंतर वाढत गेलं. बाबांना आडवं झोपता येईना. बसून, उशीवर डोकं टेकून, मासोळीसारखं तोंड उघडून श्वास घ्यायचे.

एका दुपारी त्यांची मान लटकली. शाळेतून मी थेट आदिलाबाद गाठलं, शेजाऱ्यानं आणि आईनं त्यांना तिथे आणलं. त्याच डॉक्टरबाई. बाबांचं पोटॅशियम वाढलं होतं. ते वाढलं की हृदय कधीही थांबू शकतं. म्हणून किडनीच्या रोग्याला केळी, टमाटे, नारळपाणी मोजून-मापून, नाहीतर बंद. मी कार्डाचं बोलायला लागले तर बाई म्हणाल्या, "पहले जान. बाद में कागज." आणि बाबांना आत नेलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे कोणाच्या पैशानं झालं?"

मी त्यांच्यावर ओरडले. दवाखान्याच्या वॉर्डात, बाकीचे रोगी बघत असताना. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाबा ऐकून घेत राहिले. नंतर म्हणाले, "बेसुदीत झालं थे झालं. त्याचं पाप नाही. आता मले घरी न्या."

"अन् मंग?"

"मंग काय. जे हाय थे."

तेव्हा आई बोलली. आयुष्यभर बाबांपुढे मोठ्यानं न बोललेली माझी आई. "बेल उचलाले गेल्ते तवा मले इचारलं होतं? घरी येऊन म्हणले, भाकर वाढ. मी वाढली. मले वाटलं बैलाचा सौदा करून आले."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. बाबाही थोडे हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी सांगितलं, "गावानं सोडली तर सुटन. पण माह्या एकट्यापुरती नाही. मले सूट अन् बाकीच्याइले शपथ, असं मी घेणार नाही. सगळ्याइची सुटली पाह्यजे. अन् मले माह्या कानानं आयकू आलं पाह्यजे."

दुसऱ्या कोणाच्या बापानं हे म्हटलं असतं तर मी त्याला नमस्कार केला असता. माझ्या बापानं म्हटलं तेव्हा मला त्यांचं थोबाड रंगवावंसं वाटलं. पण वेळ नव्हता. पुढचं डायलिसिस परवावर आलं होतं. मी बस धरली.

पारावर माणसं होतीच. मी चप्पल काढून वर चढले आणि बसले. कुजबुज झाली. खाली बाया जमल्या. मी आईला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन पाराच्या कठड्यावर ठेवला. पलीकडे आईनं तो बाबांच्या कानाशी धरला होता.

"बाबा आयकून राह्यले," मी म्हटलं. "ज्यानं ज्यानं बेल उचलला त्यानं सुटली म्हणा. एवढंच काम हाय."

माणिकराव म्हणाले, "शोभा, पोरी, बापाची गोष्ट येगळी हाय. नामदेवापुरती आताच सोडतो. सारं गाव कायले?"

"बाबा एकट्यापुरती घेत नाही. सगळ्याइची सोडा."

"सगळ्याइची सोडली तर आंदोलन बसलं. उद्या मंडळात तोंड कसं दाखवू? लोक म्हणतीन, हे गाव लागलं दोन पैशाच्या फुकटाले."

"मानिककाका, तुमी वर्गणी केली, आमी घेतली. थे फुकट नव्हतं काय?"

"थे भावकीचं."

"अन् सरकारचं कोणाचं हाय? युरियाच्या पोत्यावर, डिझेलवर, काडेपेटीवर टॅक्साचे पैसे कापून देता का नाही तुमी? तुमच्या दुकानातूनच कापले जातात ना? बाबानं चाळीस-पन्नास हंगाम भरले. आज त्याइनं त्याइचं मागतलं तर फुकट झालं. अन् भावासाठी बसा ना, मी येतो तुमच्यासंग बसाले. पण भाव मागाले बापाची किडनी कायले ठेवता गहाण?"

 पाराच्या कडेला सखारामआबा बसले होते. गावातले सगळ्यात म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते काठी टेकत म्हणाले, "माह्या डोयाचं ऑपरेशन याच शपथीपायी राह्यलं, बाप्पा. भाव वाढला तरी मले पाटीवरचा आकडा दिसणार नाही. मी म्हणतो, सुटली."

हशा झाला. मग आमच्या आळीतला किसन म्हणाला सुटली. मग त्याचा भाऊ. मग एकेक करून. कोणी फोनकडे तोंड करून, कोणी जमिनीकडे पाहत. एकानं विचारलं, "सुटली म्हणलं की कापसाचं भी सुटते काय?" त्याला खालून त्याच्याच बायकोनं सांगितलं, "तू म्हण गपचूप." त्यानं म्हटलं.

फोनमधून बाबांचा आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "विठोबा बोलला नाही."

खरंच नव्हता बोलला. तो पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, फवारणीला गेला होता. माणसं त्याला बोलवायला धावली. तो पाठीवरच्या पंपासकट आला, काय चाललंय ते त्याला कळेना, सांगितल्यावर म्हणाला, "अरे हो ना बाप्पा, सुटली. याच्यासाठी बोलावलं काय?"

माणिकराव राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. 

"माह्यं मत बदललं नाही, शोभा. फुकटानं माणूस नासते. हे मी आजही म्हणतो."

"तुमचं मत तुमच्यापाशी राहू द्या, काका. मले शबुद पाह्यजे."

ते फोनजवळ गेले, वाकले. "नामदेवा."

"बोल," बाबा म्हणाले.

"सुटली गा."

 फोनमधून आईचा आवाज आला, "डाक्टरीणबाईले सांगतो मी," आणि फोन बंद झाला.

काही लोक मला सांगतात, सगळं गोड झालं, आता विसर. मी विसरत नाही. जे आठवडे जीपमध्ये गेले, त्यात बाबांची किडनी थोडीफार काम करत होती तीही गेली. मानेवर नळीचा व्रण आहे. नळीतून गेलेले जंतू हृदयापर्यंत पोचले, ते आता पहिल्यासारखं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर आले असते तर त्रास कमी झाला असता. आपलं दुखणं नसताना त्यागाची भाषा करणं सोपं असतं, आणि पारावर बसणाऱ्यांना ती फार आवडते. शहरातही असेच लोक आहेत. फुकट उपचारावर खर्च कशाला म्हणून लिहितात, बोलतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी एकदा डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर या, माझ्याशेजारी बसा. मग बोला. मी ऐकून घेईन.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे, त्यांच्यासाठी थोडं. पाणी मापून द्या. तहान लागली तर बर्फाचा लहान तुकडा चघळायला द्या. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, त्या हातानं ओझं उचलू देऊ नका. खेप चुकवू नका, लग्न असो की पोळा असो. दुखण्याची गोळी दुकानातून आणू नका. आणि चिडलात तर चिडा. रोगी चिडतो, तुम्हीही चिडणार. मी डॉक्टरबाईंवरही एकदा चिडले होते. त्यांनी चहा मागवला.

त्या बाई, वॉर्डातले टेक्निशियन, किसन, विठोबा, सखारामआबा, आणि आई, यांचे उपकार मी मानते. माणिकरावांचेही मानते, पण दात आवळून.

गावाच्या तोंडाशी आता नवा फलक आहे. त्यावर फक्त 'भाव द्या' लिहिलं आहे. धरण्याला बाबा अधूनमधून जातात, सावलीत खुर्ची टाकून बसतात. गावातल्या बहुतेक घरांनी कार्ड काढलं आहे. सखारामआबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाबांचा फिस्टुला झाला, नीट चालतो आहे. त्यांचं डायलिसिस आदिलाबादला होतं, ठरलेल्या वारी, कार्डावर. जायला-यायला आमच्या गावची बस आहे. बाबा जिवंत आहेत.